चौदाव्या होलमागची खिडकी

(दिंडोशीच्या वसाहतीतलं, दुसऱ्या मजल्यावरचं घर. रविवारची दुपार. छापखान्यातून निवृत्त झालेले लवू सावंत मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलेत. त्यांची बायको रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारात उभी. मुलगा सौरभ स्कॉटलंडला असतो. तो थोड्या वेळाने स्पीकरवरून बोलू लागेल.)

रत्नप्रभा : आणि मी काय म्हणतंय, सुरमय तव्यावरसून उतरली की तेवाच खावची असता. तुमच्या झाडांसारखी ती वाट बघीत बसणा नाय.

लवू : आलो गो. एवढं एकच झाड. हे लावलं की संपलं.

रत्नप्रभा : ह्या ‘एकच झाड’ मी गेल्या शिमग्यापासून ऐकतंय. आता दुसरो शिमगो इलो.

लवू : आज खरंच शेवटचं. इकडे ये, बघ तरी. तेराव्या होलच्या पाठी ही पाइनची रांग. समुद्रावरचा वारा खाऊन खाऊन सगळी एकाच बाजूला कललीत. तसंच कलवून लावलंय एकेक.

रत्नप्रभा : फळ नाय, सावली नाय. असल्या झाडाखाली कोण बसतलो?

लवू : बसायला नाहीत ती. बॉल अडवायला आहेत.

रत्नप्रभा : काल वाकोल्यासून वसुधाचो फोन इल्लो. विचारूक लागली, भावजी हल्ली काय करतत? माझी बहीण ती, तिका काय सांगू? म्हटलंय, नकाशे काढतत. ती म्हणता, कसले नकाशे? मी फोन ठेवलंय.

लवू : अगो, सांगायचं सरळ. सौरभ जिथे शेफ आहे तो गोल्फचा क्लब आहे ना, समुद्राकाठचा, तो जसाच्या तसा गेममध्ये उभा केला म्हणून.

रत्नप्रभा : गोल्फाची काठी हातात धरली कधी आयुष्यात?

लवू : काठी कसली, मैदान पण पाहिलं नाय. एकदा प्रेसमध्ये कुठल्या तरी क्लबाचं माहितीपत्रक छापायला आलेलं, त्यातला हिरवा रंग काही केल्या बसत नव्हता. तेवढीच ओळख.

रत्नप्रभा : आणि जसोच्या तसो म्हणजे कसो? फोटो बघून?

लवू : फोटो नंतर. आधी जमीन. तिकडच्या सरकारने मुलखावरून विमान फिरवलंय. विमानातून खाली प्रकाशाचे किरण सोडत जातात. किरण जमिनीवर आपटून माघारी येतो. लवकर आला तर समज टेकडी, उशिरा आला तर खड्डा. असे कोट्यवधी ठिपके. आणि ते सगळे इंटरनेटवर ठेवलेत. ज्याला पाहिजे त्याने घ्या.

रत्नप्रभा : आणि ते तुमी घेवन बसलात.

लवू : मी घेतले. पण त्यात झाडाचा ठिपका, घराचा ठिपका, उभ्या गाडीचा ठिपका, सगळं एकात एक. ते चाळून काढायचं, तांदळातले खडे काढतेस तसं. मग खाली उरते ती नुसती जमीन.

रत्नप्रभा : भादरलेली.

लवू : भादरलेली, पण खरी! तिथे वीतभर उंचवटा असेल तर इथेही वीतभर. तिथे बॉल ज्या बाजूला घरंगळेल, इथेही त्याच बाजूला. झाडं तेवढी हाताने लावावी लागतात. कुठलं झाड, किती जाड, कुठे वाकलंय, ते विमानाला कसं कळणार? ते सौरभने फोटो काढून पाठवलं.

रत्नप्रभा : हां. ता माका माहीत आसा.

लवू : आता तू अशी का बोलतेस?

रत्नप्रभा : कशी बोलतंय? तुमका झाडांचे फोटो येतत. तुमच्याशी तास तास बोलता तो. गवत किती वाढला, वाळूचो खड्डो किती खोल. आणि माका? ‘बरो आसंय आई, जेवलंय आई, ठेवतंय आई.’ संपलो फोन. नऊ महिने मी पोटात वाढवलंय, विमानान नाय.

लवू : गवताबद्दलच बोलतो गो तो. दुसरं एक अक्षर नाही.

रत्नप्रभा : तेवढा तरी बोलता.

लवू : आणि इथे होता तेव्हा? आठव. ‘आई, बाबांना सांग गॅसवाला आलाय.’ मी समोर खुर्चीवर! ‘आई, बाबांना विचार पेपर वाचून झाला का.’ पेपर माझ्या हातात! त्याच्या कॉलेजच्या वयात आम्ही दोघं एकमेकांशी थेट बोललो असू तर ते फक्त मॅच चालू असताना. मग तो गेला तिकडे, आणि फोनवर तू मध्ये नसलीस की आम्ही दोघं नुसते श्वास ऐकत बसायचो. एकदा काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, तुमच्या त्या क्लबची जमीन कशी आहे रे? तर बोलतच सुटला.

रत्नप्रभा : ता मी आतसून ऐकलेला. भांडी घासूची थांबवलंय मी तेवा.

लवू : मग?

रत्नप्रभा : मगे काय? बरा वाटला. आणि वायट पण वाटला. दोनय एकदम वाटूक नाय जमत काय माणसाक?

लवू : आज बस माझ्या शेजारी. आत्ता तो येईल, ठरवलंय आम्ही. मैदान पुरं झालं, आज ते सगळ्यांसाठी खुलं करायचं. त्याआधी पहिला बॉल तू मार.

रत्नप्रभा : मी खय खेळू?

लवू : नारळ वाढवायचा मान घरच्या बाईचा.

रत्नप्रभा : नारळ वाढवतत, तेचा खोबरा तरी खावक मिळता. माका नको. तेका बोलूचा आसला तर बोलात. क्लबाच्या त्या खोलीत चूल पेटवूक देणत नाय म्हणता, मसालो धाडलेलंय तो डब्यात तसोच आसतलो. तेचा तरी काय झाला ता सांगलो तो कधी? नाय. गवत वाढला ता सांगलो.

सौरभ : हॅलो? बाबा? आवाज येतोय का?

लवू : येतोय, येतोय. आई पण आहे बघ.

सौरभ : आई? आई खेळायला बसली? काय सांगता!

रत्नप्रभा : तेका सांगा, मी बसाक नाय. उभी आसंय.

लवू : ती उभी आहे.

सौरभ : ऐकलं मी.

रत्नप्रभा : आणि विचारा, खाल्लो काय कायतरी.

सौरभ : आई, इकडे सकाळ आहे. चहा पितोय.

रत्नप्रभा : तेका सांगा, थय सकाळ आसा ता माका कळता. सकाळी पण माणसा खातत.

सौरभ : बाबा, तिला सांगा, टोस्ट खाल्ला.

लवू : मी काय पोस्टमन आहे का दोघांचा? खुर्ची घे गो. हा माऊस धर. हां. आता हा मागे ओढायचा आणि एका लयीत पुढे ढकलायचा. पाट्यावर वरवंटा ओढतेस ना, तसा.

रत्नप्रभा : वरवंट्याक वजन असता. हेका काय आसा?

सौरभ : आई, जोरात नको. आरामात. वारा डावीकडून आहे.

रत्नप्रभा : घरात बसान वारो कसलो? फॅनाचो?

सौरभ : गेममध्ये गं. झेंडा बघ, कुठे फडफडतोय.

रत्नप्रभा : बघलंय. आता गप ऱ्हवा दोघांय.

लवू : मागे... अजून मागे... आता पुढे!

सौरभ : अरे वा! गेला, गेला, गेला... अरे! वाट लागली! समुद्रात!

लवू : हरकत नाही. पहिल्याच वेळी असं होतं.

रत्नप्रभा : मगे? नारळ समुद्रातच सोडतत ना?

सौरभ : हे बरोबर आहे, यार. बाबा, पहिला मान समुद्राला दिला तिने.

रत्नप्रभा : हसता कसो मेलो. कितक्या दिवसांनी हसलंस रे तू असो.

सौरभ : आता मी मारतो हां. हा बघ. बाबा, तुमचा तो छोटा उंचवटा, क्लबहाऊसच्या समोरचा, त्याच्यावरून बॉल अस्साच उजवीकडे वळतो. डिट्टो. तिकडे एक मेंबर होता, दर वेळी तिथे शिव्या घालायचा.

लवू : होता?

सौरभ : म्हणजे... आहे. असतो.

लवू : आता माझा. रत्ना, बघ, मी ह्या वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडे टाकतो.

रत्नप्रभा : टाका. पण माका तुमच्या त्या बॉलाच्या पाठसून फिरूचा नाय. इतक्या मोठ्या गावात इलंय, तर माका सौरभाचा, माझ्या झिलाचा घर बघूचा आसा. खय आसा ता?

सौरभ : आई, राऊंड तर पूर्ण कर.

रत्नप्रभा : राऊंड तुमी करा. मी कधी परमुलखात जावन बॉल बघीत बसणा नाय. घर दाखवा.

लवू : चौदाव्या होलच्या पाठी. तिथे खरं तर खेळायची हद्द संपते. बॉल तिकडे गेला तर बादच. कुणी जात नाही त्या बाजूला, पण मी बांधून ठेवलंय.

सौरभ : काय बांधलंय, बाबा?

लवू : तुझं घर. स्टाफचं ते लांबडं क्वार्टर. तुला सांगितलं नव्हतं. ठिपके चाळताना सगळी घरं उडवली, ते एक तेवढं ठेवलं.

सौरभ : कशाला एवढी मेहनत... खेळणाऱ्याला ते दिसत पण नाही.

लवू : तुझी आई खेळणारी आहे का? बघ गो. हे आलं. काळ्या कौलांचं. उतार जरा जास्त आहे छपराला, तिकडे असाच लागतो. आणि ही दुसरी खिडकी, ही त्याची.

रत्नप्रभा : पडदो नाय?

लवू : गेममध्ये पडदा मिळत नाही.

रत्नप्रभा : उघड्या खिडकीत झोपता काय तो? बरा. भिंत बरी आसा. आणि दारात ह्या झुडूप कसला?

लवू : तुळस.

सौरभ : बाबा, तिथे तुळस नाहीये.

लवू : माहीत आहे मला. गेममध्ये पण नाहीये. लॅव्हेंडर म्हणून एक असतं, ते लहान केलं, वरचे जांभळे तुरे काढले. लांबून तुळशीसारखं दिसतं.

रत्नप्रभा : जवळसून दिसणा नाय.

लवू : जवळून कोण बघतंय?

रत्नप्रभा : मी बघतंय. ...बरा केलात. तुमका सुचला हां. सौरभ, बाबांनी केलेला बघलंस?

सौरभ : बघतोय, आई.

रत्नप्रभा : गप का झालंस? आता असा कर, खरोखरच्या खिडकीत जावन उभो रव. आणि काय दिसता ता माका सांग. मी हयसून बघतंय, जुळता काय.

सौरभ : आत्ता?

रत्नप्रभा : मगे कधी? उजेड पडलो ना थय?

सौरभ : पडलाय. हां... गवत दिसतंय. समोर चौदावं ग्रीन, झेंड्याभोवतीची ती हिरवळ. त्याच्या पाठी पाइन्स.

लवू : आणि डावीकडे बाक.

सौरभ : बाक. हो.

रत्नप्रभा : तुमी नको सांगू, तेका सांगांदे. माणसा दिसतत काय रे?

सौरभ : नाही गं, रविवार आहे ना. एकदम शांत असतं इथे. नुसता वारा...

रत्नप्रभा : थांब. ह्या काय वाजला?

सौरभ : कुठे काय?

रत्नप्रभा : कुकर.

सौरभ : कुकर कुठून येणार, आई. हीटर आहे तो. जुना झालाय.

रत्नप्रभा : हीटर शिटी मारता? ओ, आवाज मोठो करा जरा. ...बघा. दुसरी. डाळीचो कुकर आसा तो. माका शिकवतंस? चूल पेटवूक देणत नाय त्या खोलीत डाळ कोण शिजवता?

सौरभ : बाजूच्या रूममध्ये असेल कोणीतरी.

रत्नप्रभा : आणि बाजूच्या रूममधलो तुका नावान हाक मारता? आता म्हणालो, ‘सौरभ, गॅस कम कर.’ हिंदीत. तुझ्या क्लबात तर सगळे गोरे.

लवू : सौरभ?

सौरभ : एक मिनिट, बाबा. गॅस बारीक करून येतो.

रत्नप्रभा : बघलात? गॅस बारीक करूक गेलो.

लवू : तू जरा गप बस.

सौरभ : आलो.

लवू : कुठे आहेस तू?

सौरभ : ग्लासगोत.

लवू : सुट्टीला गेलायस?

सौरभ : नाही, बाबा. राहतो इथे. दिवाळीपासून.

लवू : आणि क्लब?

सौरभ : सीझन संपला तसं त्यांनी किचन बंद केलं. उन्हाळ्यात बघू म्हणाले. आम्ही सगळे किचनवाले बाहेर. काम गेलं म्हणजे रूम पण गेली. आता तिघं जण मिळून राहतो. एक नागपूरचा आहे, एक केरळचा. डाळ नागपूरवाल्याची.

लवू : पण... कसं शक्य आहे? दिवाळीनंतर तर तू मला अर्ध्या मैदानाची झाडं पाठवलीस. दहाव्या होलपासून पुढची सगळी. तेराव्याची ही रांग तर गेल्याच आठवड्यातली!

सौरभ : रविवारी जायचो.

लवू : कुठे?

सौरभ : तिकडेच. क्लबवर. इथून बस, मग दुसरी बस, मग पुढे चालत.

लवू : आत सोडतात तुला?

सौरभ : मैदानाच्या कडेने पायवाट आहे, कोणीही जाऊ शकतं. लोक कुत्रे फिरवायला येतात. एक आजी असतात नेहमी, त्यांना वाटतं मी वनखात्यातला माणूस आहे. गेल्या रविवारी मला विचारत होत्या, ही झाडं तोडणार आहात का तुम्ही? मी म्हटलं, नाही आजी, मी फक्त बघायला येतो.

लवू : तो पावसातला फोटो. ज्यात सगळं धुरकट आलं होतं. मी तुला म्हटलं, बुंधा नीट दिसत नाही, पुन्हा काढून पाठव.

सौरभ : हो. पाठवला ना पुढच्या रविवारी.

लवू : मला वाटलं तू खिडकी उघडतोस आणि फोटो काढतोस! मला वाटलं दारातलंच झाड आहे ते! एका बुंध्यासाठी मी तुला दोन दोन बस करून... अरे, सांगायचंस ना!

सौरभ : काय सांगू? छत्री उलटी झाली म्हणून सांगू?

लवू : काम गेलं म्हणून सांगायचं!

सौरभ : सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, बाबा. त्या आठवड्यात फोन केला तुम्हाला, तर तुम्ही उचलल्या उचलल्या म्हणालात, ‘सौरभ, मागच्या बाजूची झाडं राहिलीत रे, जरा बघशील का?’ तुम्ही कधी माझ्याकडे काही मागितलंय? कधीच नाही. शाळेत असल्यापासून नाही. आधीचे फोटो मी आपणहून पाठवलेले; पहिल्यांदा तुम्ही काहीतरी मागत होतात. आणि मी सांगू, की मी तिथे नाहीच आता? तुम्ही म्हणाला असतात, बरं, राहू दे. फाईल बंद केली असतीत. मग रविवारी आपण काय बोलणार होतो?

रत्नप्रभा : ओ. पाणी देव काय?

लवू : नको.

रत्नप्रभा : मगे बोला तेच्याशी कायतरी. मी बोलतंय तोपर्यंत. सौरभ.

सौरभ : आई, ओरडू नको प्लीज.

रत्नप्रभा : ओरडणा नाय. विचारतंय. बाबांका तुझा घर कळणा नव्हता, ठीक. बाबांका झाडा कळतत फक्त. पण मी आवस ना तुझी? माका तरी सांगूचा. माका काय, ‘बरो आसंय, जेवलंय, ठेवतंय.’ हल्ली ह्या घरात मीच परकी झालंय म्हणान वाटूक लागलेला माका.

सौरभ : म्हणूनच ना.

रत्नप्रभा : काय म्हणूनच?

सौरभ : म्हणूनच लवकर ठेवायचो फोन. तुझ्याशी खोटं बोलता येतं का मला? लहानपणी डबा टाकून दिला तरी माझ्या पावलांवरून ओळखायचीस. बाबा झाडाबद्दल विचारतात, झाडाचं खरं सांगायला काय जातं. तू विचारतेस, कसा आहेस. त्याच्यापुढे मी किती वेळ टिकणार? एक मिनिट जास्त बोललो असतो तर तू ओळखलं असतंस. आज बघ ना. एका शिटीवर पकडलंस.

रत्नप्रभा : दोन शिटये.

सौरभ : दोन.

रत्नप्रभा : ...मेल्या. माका वाटला तुका माझो कंटाळो इलो.

सौरभ : आई, काहीतरीच काय.

रत्नप्रभा : आता रडू नको. केरळवालो बघीत आसतलो.

सौरभ : तो झोपलाय.

रत्नप्रभा : मगे रड थोडो. पण गुपचूप. आणि आता सांग, करतंस काय थय?

सौरभ : एक वृद्धाश्रम आहे, त्याच्या किचनमध्ये आहे. म्हाताऱ्या माणसांचं जेवण. क्लबसारखं भारी काही नाही. सूप, मऊ शिजवलेल्या भाज्या, कुस्करलेला बटाटा. काहींना दात नाहीत, काहींना गिळता येत नाही. प्रत्येकाचं वेगळं.

रत्नप्रभा : आणि ह्या तू लपवलंस?

सौरभ : तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना, मोठ्या क्लबात शेफ आहे म्हणून.

रत्नप्रभा : सांगलेलंय. आता दुसरा सांगतलंय. दात नसलेल्या माणसांका जेवूक घालता माझो झील, तेच्यात लपवण्यासारखा काय? क्लबात पैशेवाले खातत, थोडा टाकतत. हे टाकतत काय रे?

सौरभ : नाही. एक आजोबा तर वाडगा चाटून ठेवतात. जहाजावर होते म्हणे. त्यांना माझं नाव घेता येत नाही, ‘सॉरी’ म्हणतात. सौरभचं सॉरी. सकाळी आत गेलो की हात वर करून ओरडतात, ‘सॉरी! सॉरी!’

रत्नप्रभा : ऐकलात? सॉरी म्हणता तेका.

लवू : ऐकतोय.

रत्नप्रभा : आवडता तुका थय?

सौरभ : आवडतं, आई. क्लबवर कधी असं वाटलं नव्हतं. थकायला होतं, पण आवडतं. लगेच परत ये म्हणू नकोस.

रत्नप्रभा : मी म्हटलंय? मी फक्त विचारलंय. मालवणी मसालो हरवलंस की आसा?

सौरभ : आहे ना. नागपूरवाल्याने अर्धा संपवला. तो त्याला त्यांच्या सावजी मसाल्याची लहान बहीण म्हणतो.

रत्नप्रभा : आणखी धाडतंय. तेका सांग, लहान बहीण नाय, आत्या आसा. बाबा बघ कसे बसलेत. ओ, काय झाला?

लवू : काही नाही. मी विचार करतोय, ह्याचं आता काय करायचं. घर चुकीचं बांधलं मी. तो तिथे राहतच नाही.

सौरभ : बाबा, चुकीचं कसं? अगदी तसंच आहे ते. खिडकीची उंचीसुद्धा. मी मघाशी गप झालो ना, ते त्याच्यामुळेच. मला तिथली सकाळ आठवली.

लवू : ते घर काढून टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे. आणि मग मैदान खुलं करतो. तसंही ते हद्दीच्या बाहेर आहे.

रत्नप्रभा : कायेक काढू नका.

लवू : अगो, पण...

रत्नप्रभा : नाय म्हटलंय ना. उन्हाळो इलो की त्या खोलीत दुसऱ्या कोणाचो तरी झील ऱ्हवाक येतलो. तेच्या दारात तुळस आसली तर काय बिघाडता? रवांदे थय.

सौरभ : राहू दे, बाबा. आणि खुलं करा आज. लोकांना खेळू दे. झकास झालंय, खोटं नाही सांगत.

लवू : आता तुझं खरं-खोटं मला कळायला लागेल का, हाच प्रश्न आहे.

रत्नप्रभा : माका बोलवत जावा. मी ओळखतंय.

लवू : बरं. हे बघ, मग इथे बटण दाबायचं. नाव विचारतोय. मैदान कोणी बनवलं म्हणून.

सौरभ : तुमचं टाका. लवू सावंत.

लवू : एकट्याने नाही बनवलं. ‘लवू आणि सौरभ’ टाकतो.

रत्नप्रभा : आणि बॉल कोणी मारलो पयलो?

सौरभ : टाका, बाबा. तिघांची नावं टाका.

लवू : टाकली. दाब गो, तूच दाब. ...झालं. आता जगात कुठेही बसून कोणीही खेळेल.

रत्नप्रभा : खेळांदेत. समुद्रात घालवतीत बॉल, माझ्यासारखे. बरा, मी जरा गच्चीवरसून कपडे काढून हाडतंय, उन्हान कडकडीत झाले आसतले. तुमी दोघा बोला.

लवू : थांब ना. तू कुठे चाललीस?

रत्नप्रभा : सांगलंय ना, गच्चीवर. बोला तुमी. गवत सोडून.

सौरभ : गेली?

लवू : गेली. दार ओढून घेतलंन.

सौरभ : बाबा, ते सोळाव्या होलवर ना, ग्रीनच्या अलीकडे एक खोलगट भाग आहे. मला वाटतं विमानाच्या डेटात तो थोडा उथळ आलाय. मी पुढच्या रविवारी...

लवू : राहू दे ते.

सौरभ : नाही, म्हणजे बसचं काही नाही मला. सवय झालीय.

लवू : राहू दे रे. आहे तसं बरं आहे.

सौरभ : बरं.

लवू : सौरभ...

सौरभ : हां, बाबा?

लवू : नाही, मी म्हटलं... तिकडे थंडी असते का रे? अजून?

सौरभ : असते, बाबा. आज जरा जास्तच आहे.